पहिल्यांदाच दुबईला निघालात? एवढं बघा

दादा, आधी पासपोर्टची मुदत बघा. पोचायच्या दिवसापासून किमान 6 महिने शिल्लक पाहिजेत. तिकिटावरचं नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळवा.

आपल्याकडच्यांची खरी गडबड होते ती डब्यात. येसर, काळा मसाला, लाडू असं काय काय घरचे प्रेमानं कोंबतात. पण तिकडं खसखशीवर बंदी आहे, आणि 'घरचा मसाला आहे हो' म्हणून कस्टमवाला सोडत नाही. म्हणून डबा भरताना कशाकशात खसखस घातलीय ते आईला नीट विचारा. शेंगदाण्याची चटणी खुशाल न्या. औषधांचंही तेच: कोडीनचं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉलच्या दुखण्यावरच्या गोळ्या परवानगीशिवाय चालत नाहीत. बीपी-शुगरच्या गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट.

बाकी थोडक्यात:
- पॉवर बँक हातातल्या बॅगेतच.
- पासपोर्ट-व्हिसाची झेरॉक्स वेगळी ठेवा, फोटो घरच्यांना व्हॉट्सअ‍ॅप करा.
- कुणा पाहुण्याचं बंद पार्सल घेऊ नका. रुसले तर रुसू द्या.
- तिथल्या पोलिसांचा नंबर 999.

आणि देवगिरी एक्सप्रेस सकाळी मुंबईत पोचते म्हणून त्याच दुपारचं विमान धरू नका. गाडी लेट झाली की संपलं. आदल्या दिवशीच मुंबई गाठा, विमानतळावर 3 तास आधी.