श्पीगेलगासे, घर क्रमांक १

अगं मुली,

कुकरचा फोटो मिळाला. शिट्टीच्या जागी प्लास्टरचं बोट, खाली शीर्षक 'निरर्थक' आणि सोबत तीन पानी निवेदन. तुझे मास्तर त्याला कचरा म्हणाले, ते सोड, मास्तर म्हणायचेच. मला खटकला तो 'दादा' या पहिल्या महायुद्धातल्या कलाचळवळीबद्दलचा तुझा शेवटचा प्रश्न: दादावाल्यांनी शंभर वर्षांपूर्वीच सगळं मोडून ठेवलंय, आता मी काय मोडू?

प्रश्नच चुकलाय. ती माणसं चिडली होती आणि कुणावर चिडलोय हे त्यांना नीट ठाऊक होतं. मोडतोड त्यातून झाली. रागाला पत्ता लागतो, बाई. तुझ्या कुकरवर तो कुठंय?

झुरिकच्या श्पीगेलगासे नावाच्या गल्लीत, १ नंबरच्या घरात, ५ फेब्रुवारी १९१६ ला कवी ह्यूगो बाल आणि गायिका एमी हेनिंग्स यांनी कॅबरे व्होल्तेअर हा गाण्या-कवितांचा अड्डा उघडला. दादा जन्मला तो तिथं. सोळा दिवसांनी तिकडे फ्रान्समध्ये वर्दूंची लढाई पेटली. (त्याच गल्लीत त्या वर्षी लेनिनही राहत होता, १४ नंबरात. असो.) बाल काही जन्माचा बंडखोर नव्हता. युद्ध सुरू झालं तेव्हा तो स्वतः भरती व्हायला गेला होता. प्रकृतीमुळे घेतलं नाही. मग बेल्जियमला जाऊन त्यानं युद्ध डोळ्यांनी पाहिलं आणि तो फिरला तो फिरलाच. जूनमध्ये त्यानं पुठ्ठ्याच्या नळकांड्यांचा पोशाख चढवला. चालता येईना, म्हणून उचलून मंचावर नेलं. तिथं त्यानं अर्थ नसलेल्या अक्षरांच्या कविता म्हटल्या. तू त्याला 'ॲब्सर्ड' म्हणून मोकळी होतेस. अगं, अर्थ असलेले शब्द तेव्हा कोण वापरत होतं? मातृभूमी, सन्मान, बलिदान. सेनापती आणि वर्तमानपत्रं! बालला त्यांची भाषाच नको झाली होती. आहे की नाही पत्ता?

नावाला मीही तुझ्या वयात हसलो होतो. आमच्या चाळीत दादा म्हणजे एक तर थोरला भाऊ, नाहीतर हप्ता घेणारा. फ्रेंचमध्ये दादा म्हणजे मुलांचा लाकडी घोडा.

तुझा लाडका कलावंत द्युशाँ, त्यानं कलाकृती म्हणून पाठवलेल्या मुतारीचंही तेच. न्यूयॉर्क, १९१७. सहा डॉलर भरा, कुणाचंही काम लावू, निवड समिती नाही, असा प्रदर्शनाचा नियम. संचालकांत द्युशाँ स्वतः होता. मुतारी आडवी ठेवली, वर 'आर. मट' अशी सही. ती लावली गेली नाही आणि त्यानं राजीनामा दिला. मूळ वस्तू हरवली. संग्रहालयांत दिसतात त्या नंतरच्या प्रती. तिचा नेम होता त्या सहा डॉलरच्या थापेवर. तू मुतारी उचललीस आणि थाप तिथंच ठेवून आलीस.

आणि बर्लिन! १९२० चा दादा मेळा, म्हणजे तिथल्या दादावाल्यांचं प्रदर्शन. छताला लष्करी गणवेशातला, डुकराच्या तोंडाचा पुतळा टांगलेला. सैन्याच्या बदनामीचा खटला झाला, चित्रकार ग्रोसला ३०० मार्क दंड बसला. पत्ता बरोबर असला की पोच अशी येते. पण तू बघ ते त्याच मेळ्यातलं हाना ह्योखचं फोटोमोंताज, म्हणजे कापलेली छायाचित्रं चिकटवून केलेलं चित्र. ही बाई एका प्रकाशनसंस्थेत भरतकामाचे आणि लेसचे नमुने काढायची, तिथलीच मासिकं तिनं कापली. शीर्षकातच म्हणते, स्वयंपाकघरातल्या सुरीनं केलेला छेद. पुढारी, सेनाधिकारी, यंत्रं, नर्तकी यांची नुसती झुंबड. खाली उजव्या कोपऱ्यात युरोपचा एक छोटा नकाशा आहे, बायकांना मतदानाचा हक्क असलेल्या देशांचा, आणि त्याच्या कडेला तिनं स्वतःचं इवलंसं डोकं चिकटवलंय. ग्रोस आणि हार्टफील्ड या क्रांतिकारकांना ती मेळ्यात नकोच होती. पुढे एका सहकाऱ्यानं आठवणी लिहिल्या, त्यात तिच्या वाट्याला काय आलं? तिनं केलेली सँडविचं आणि कॉफी. सुरी एक, पत्ते दोन: सरकार आणि घरचेच मित्र.

मी एवढा का ओरडतोय? ऐक. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर, त्यात माझे वडील, साचेखात्यातले. मी त्यांची जुनी पगारपत्रकं कॅनव्हासवर चिकटवली. वर गिरणीचं नाव, खाली कापलेला दंड. प्रदर्शन भरवणारे म्हणाले, "फार छान, नाव तेवढं झाका." झाकलं. काळा रंग, दोन हात. चित्र बाराशेला गेलं. वडील इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. बराच वेळ चित्रापुढं उभे राहिले, मग हळूच विचारलं, "यात आपली गिरणी कुठंय रे?"

घरात बहिणीची फी थकली होती. किराण्याचं देणं होतं. बाराशे म्हणजे तेव्हा केवढे! तू काय केलं असतंस? नको, सांगू नकोस. त्यानंतर अठ्ठावीस वर्षं मी जाहिराती केल्या, 'बंडखोर' म्हणून बक्षिसंही घेतली. बिनपत्त्याचं बंड साबण विकायला उत्तम चालतं.

म्हणून तुझं निवेदन मी तीनदा वाचलं. दुसऱ्या पानावर, कंसात, एक वाक्य पुरलंयस: आई साडेचारला उठते, तीन डबे भरते, आणि घरात कुणी विचारलं की बाबा सांगतात, "ती काही करत नाही." वेडे, कंसात? कुकर तिचाच ना? फोटोत बुडाचा जळका डाग दिसतोय, तो घासू नकोस. ते प्लास्टरचं बोट काढ, शीर्षक बदल. बाबा चिडतील, हे मला दिसतंय. तुलाही दिसतंय, म्हणूनच 'निरर्थक' लिहिलंस.

रविवारी ये. निवेदन घरी ठेव, कुकर आण. चहा मी करीन. ह्योखची गोष्ट सांगून झाल्यावर तुला करायला लावायची माझी टाप नाही.