मुंबईत दोनच दिवस असतील तर खाण्यासाठी कुठे फिरावं?

सगळं शहर पालथं घालू नका. एका दिवशी दक्षिण मुंबई, दुसऱ्या दिवशी माटुंगा-दादर, एवढं पुरे.

पहिली सकाळ ग्रँट रोड स्टेशनसमोरच्या मेरवानमध्ये काढा. तिथला मावा केक लवकर संपतो, म्हणून उठल्याउठल्या निघा. नंतर धोबीतलावला कयानी, १९०४ पासूनचं इराणी हॉटेल. बनमस्का चहात बुडवूनच खायचा, आणि घाई न करता. अशी इराणी हॉटेलं आता मोजकीच उरली आहेत, म्हणून माझा आग्रह आधी अशाच ठिकाणी जाण्याचा. तिथून क्रॉफर्ड मार्केट चालत गाठता येतं. १८६९ सालची ही मंडई आज महात्मा जोतिबा फुल्यांच्या नावाने आहे. एप्रिल-मे असेल तर हापूसच्या पेट्यांचा वास आधी येईल. दुपारी बॅलार्ड इस्टेटला ब्रिटानियाचा बेरी पुलाव खा. रमजान चालू असेल तर संध्याकाळ मोहम्मद अली रोडला, मिनारा मशिदीच्या गल्लीत. मालपुवा दोघांत एकच घ्या, फार जड असतो.

दुसऱ्या दिवशी माटुंग्याला रामाश्रय किंवा कॅफे मद्रास. रविवारी रांग असते, तेव्हा शक्यतो आडवार निवडा. इडली आणि फिल्टर कॉफी झाली की स्टेशनजवळच्या बाजारात केळीची पानं, गजरे, कढीपत्ता बघत फिरा. मग दादरला प्रकाशमध्ये साबुदाणा वडा आणि पियुष. पोटात जागा ठेवून जा, पियुष दाट असतं.