करार उघडून वाच

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

तुझा निबंध वाचला. ‘लहान देशाला पर्याय नसतो, बलाढ्याच्या मागे जाणं एवढंच त्याच्या हाती’ हे तुझं वाक्य मला अजिबात पटलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

फिनलंड घे. रशियाशी सुमारे 1,340 किलोमीटरची सीमा. नोव्हेंबर 1939 मध्ये सोव्हिएत फौजा चालून आल्या तेव्हा जगभरातून कौतुक झालं, लढायला मात्र फिनलंड जवळजवळ एकटाच होता. मार्च 1940 च्या तहात कारेलिया प्रांताचा मोठा भाग सोव्हिएत संघाकडे गेला आणि चार लाखांहून अधिक माणसांना घरदार सोडावं लागलं.

त्याच शेजाऱ्याशी त्यांनी 1948 मध्ये मैत्रीचा करार केला. इथे लगेच ‘शरणागती’ लिहू नकोस, कलमं वाच. जर्मनीने किंवा तिच्या मित्रदेशाने फिनलंडवर, किंवा फिनलंडमार्गे सोव्हिएत संघावर हल्ला केला, तरच फिनलंड लढणार, तेही आपल्याच हद्दीत. सोव्हिएत मदत आपोआप येणार नाही, दोघांचं एकमत झालं तर येईल. बड्या सत्तांच्या भांडणाबाहेर राहण्याची फिनलंडची इच्छा तर प्रस्तावनेतच नोंदवलेली आहे. पाण्यात राहायचं होतं, माशाशी वैर परवडणारं नव्हतं. तरीही एकेक शब्द घासाघीस करून मिळवलेला दिसतो.

या शेजाराची किंमतही मोजावी लागली आणि ती तुझ्या निबंधात यायलाच हवी. युद्धानंतर युरोप उभा करायला अमेरिकेने देऊ केलेली मार्शल योजनेची मदत नाकारली. 1961 मध्ये मॉस्कोने लष्करी सल्लामसलतीची मागणी केली, तेव्हा राष्ट्राध्यक्ष केक्कोनेन थेट नोवोसिबिर्स्कला जाऊन सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्हना भेटले. संकट टळलं, पण निवडणुकीतल्या त्यांच्या प्रमुख प्रतिस्पर्ध्याने माघार घेतली. शेजाऱ्याला रुचेल असंच लिहायची सवय वर्तमानपत्रांना लागली. लोकशाहीला लागलेली ही झळ मला आजही खुपते.

पण या सगळ्या काळात सक्तीची लष्करी सेवा त्यांनी कधी बंद केली नाही, इमारतींखाली बॉम्बहल्ल्यापासून बचावाचे निवारे बांधत राहिले. सोव्हिएत संघ कोसळल्यावर 1995 मध्ये युरोपीय संघात गेले, विमानं अमेरिकी घेतली, नाटो या पाश्चात्त्य लष्करी युतीबरोबर सराव केले, सदस्यत्व मात्र मागितलं नाही. फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनवर मोठा हल्ला झाला आणि संरक्षणाची हमी फक्त सदस्यालाच मिळते हे उघड्या डोळ्यांनी दिसलं. मे महिन्यात संसदेने 188 विरुद्ध 8 मतांनी सदस्यत्व मागण्याच्या बाजूने कौल दिला. 4 एप्रिल 2023 ला फिनलंड नाटोत होता. इतक्या झपाट्याने कूस बदलता आली ती आधीच्या तयारीमुळे, आणि तुझ्या निबंधात नेमकी तीच गाळली गेली आहे.

फिनलंडचं प्रकरण नव्याने लिहून झालं की भूतानकडे वळ. भारताशी झालेल्या 1949 च्या करारात परराष्ट्र व्यवहारात भारताचा सल्ला मानण्याचं कलम होतं, 2007 च्या करारात ते राहिलं नाही. दोन्ही मजकूर समोरासमोर ठेव, दरम्यान थिंफू, म्हणजे भूतानचं सरकार, काय काय करत होतं ते शोध, आणि मगच मसुदा पाठव.

तुझा,
सर