वाचकांचे प्रश्न: ग्रीसची बेटे, किती आणि केव्हा?

मे महिन्याच्या सुटीचे बेत ठरू लागले की या सदराकडे परदेश प्रवासाविषयीची पत्रे वाढतात. या वेळी ग्रीसच्या बेटांविषयी बरीच पत्रे आली. त्यांतील निवडक प्रश्न व त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न: आम्ही पती-पत्नी आणि पंधरा व अकरा वर्षांची दोन मुले असे चौघे मे महिन्यात दहा दिवसांसाठी ग्रीसला जाण्याचा विचार करीत आहोत. एका पर्यटन कंपनीने अथेन्स, मिकोनोस, सांतोरिनी, क्रीट, ऱ्होड्स व कोर्फू असा कार्यक्रम दिला आहे. एवढा खर्च करून जायचे तर सारे पाहून यावे असे वाटते. हा कार्यक्रम योग्य आहे का? (विलेपार्ले)

उत्तर: हा कार्यक्रम आपण स्वीकारू नये. नकाशावर ही बेटे हाताच्या अंतरावर दिसत असली तरी ती एका वाटेवरची नाहीत. मिकोनोस, नाक्सोस आणि सांतोरिनी ही एजियन समुद्राच्या मध्यभागी असलेल्या सायक्लाडीस द्वीपसमूहातील बेटे आहेत. ऱ्होड्स पार पूर्वेला तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ आहे. क्रीट दक्षिणेला असून एकट्या त्या बेटाची पूर्व-पश्चिम लांबी सुमारे २६० किलोमीटर आहे. आणि कोर्फू देशाच्या पश्चिमेकडील आयोनियन समुद्रात आहे, जेथे अथेन्सच्या पिरेअस बंदरातून फेरीबोट जातच नाही. पिरेअसहून ऱ्होड्सला जाणारी बोट बारा तासांहून अधिक वेळ घेते. विमानाने जायचे म्हटले तरी बहुतेक वेळा अथेन्सला परत येऊन दुसरे विमान धरावे लागते. दहा दिवसांतून मुंबईहून जाण्यायेण्याचे दोन दिवस वजा केले, तर या कार्यक्रमात मुलांच्या वाट्याला प्रामुख्याने विमानतळ, बंदरे आणि सामान भरणे-उपसणे एवढेच येईल.

आमची सूचना अशी की, एक तर संपूर्ण सुटी क्रीटला द्यावी किंवा नाक्सोस व सांतोरिनी ही दोनच बेटे घ्यावीत. आपली मुले लक्षात घेता आम्ही दुसऱ्या पर्यायाकडे झुकतो. अथेन्सच्या विमानतळावरून मेट्रो थेट पिरेअसपर्यंत जाते आणि तेथून मोठी फेरीबोट पाच-साडेपाच तासांत नाक्सोसला पोहोचते. वेगवान कॅटामरान बोटी वेळ वाचवतात, परंतु त्यांची तिकिटे महाग असतात, त्यांत बहुधा उघड्या डेकवर उभे राहता येत नाही आणि समुद्र खवळला की त्या मोठ्या बोटींपेक्षा आधी रद्द होतात. मोठ्या बोटीच्या डेकवरून एकेक बेट मागे पडताना पाहणे हाही सहलीचाच भाग आहे. तो वाया गेलेला वेळ समजू नये.

नाक्सोसच्या बंदरात शिरताना डाव्या हाताला, एका टेकाडावर, संगमरवराची प्रचंड चौकट उभी दिसते. ती ‘पोर्तारा’, म्हणजे इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात बांधायला घेतलेल्या आणि अपुऱ्या राहिलेल्या अपोलोच्या मंदिराचा दरवाजा. गावातून समुद्रातल्या बांधावरून चालत तेथे जाता येते. बेटाच्या उत्तर टोकाला, अपोलोनास गावाजवळच्या खाणीत, दहा मीटरहून अधिक लांबीचा एक अर्धवट कोरलेला पुतळा अडीच हजार वर्षांहून अधिक काळ तसाच आडवा पडून आहे. काम का सोडले गेले असेल यावर मुलांना वाद घालू द्यावा. पंधरा वर्षांच्या मुलाला झास पर्वताची चढण आवडेल. त्याची उंची १,००४ मीटर असून सायक्लाडीसमधील ते सर्वोच्च शिखर आहे. धाकट्यासाठी गावालगतचा आगिओस योर्गोसचा उथळ किनारा उत्तम. मात्र मे महिन्यात समुद्राचे पाणी बरेच थंड असते, हे मुंबईच्या मे महिन्यातून जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

नाक्सोसहून सांतोरिनी दीड-दोन तासांवर आहे. तेथे दोन किंवा तीन मुक्काम पुरेसे होतात. फिरा या गावापासून इया या गावापर्यंत कड्याच्या कडेने जाणारी सुमारे दहा किलोमीटरची पायवाट या बेटावरची सर्वांत सुंदर गोष्ट आहे आणि तिला एक पैसाही पडत नाही. सकाळी सातच्या सुमारास निघाल्यास ऊन चढण्यापूर्वी इयाला पोहोचता येते. संध्याकाळी इयाच्या किल्ल्यावर सूर्यास्त पाहण्यासाठी जी गर्दी उसळते, तिच्यात उभे राहून आपण सूर्यापेक्षा पुढच्या माणसाचा मोबाइलच अधिक पाहतो. त्याऐवजी इमेरोविग्ली हे गाव किंवा नैर्ऋत्य टोकावरचे दीपगृह गाठावे. होडीने नेआ कामेनी या ज्वालामुखीच्या बेटावर जाऊन विवराच्या काठापर्यंत चढता येते. त्याचा शेवटचा उद्रेक १९५० मध्ये झाला.

प्रश्न: मी इतिहासाची निवृत्त शिक्षिका आहे. गुडघ्यांचा त्रास असल्याने फार चढउतार जमत नाही. समुद्रस्नानात मला रस नाही. ग्रीक बेटांवर माझ्यासारखीने पाहण्याजोगे काय आहे? (ठाणे)

उत्तर: बाई, आपल्यासाठी क्रीट. युरोपातील सर्वांत जुन्या नागरी संस्कृतींपैकी एक, मिनोअन संस्कृती, या बेटावर बहरली. इराक्लिओ शहरात मुक्काम केल्यास क्नोसोसचा राजवाडा अवघ्या पाच किलोमीटरवर आहे आणि तेथे शहराच्या बसने जाता येते. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ आर्थर एव्हान्स यांनी १९०० मध्ये तेथे उत्खनन सुरू केले आणि पुढे काँक्रीट वापरून राजवाड्याचे काही भाग पुन्हा उभे केले. लाल रंगाचे ते प्रसिद्ध खांब त्यांच्याच पुनर्बांधणीतले आहेत. जुने किती आणि एव्हान्स यांच्या कल्पनेतले किती, याविषयी अभ्यासकांत आजही मतभेद आहेत, आणि इतिहास शिकवलेल्या व्यक्तीला तेथे फिरताना नेमकी हीच गोष्ट रंजक वाटेल. मूळ भित्तिचित्रे इराक्लिओच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहेत. १९०८ मध्ये सापडलेली फाइस्तोसची मातीची तबकडीही तेथेच आहे. तिच्यावरील चिन्हे अद्याप कोणालाही खात्रीने वाचता आलेली नाहीत. क्नोसोसला सापडलेल्या प्राचीन लिप्यांपैकी ‘लिनिअर बी’ मायकेल व्हेन्ट्रिस यांनी १९५२ मध्ये उलगडली, ‘लिनिअर ए’ मात्र अजून अबोलच आहे. संग्रहालयाला निदान अर्धा दिवस द्यावा, आणि शक्यतो क्नोसोसनंतर.

आपल्याला आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीच्या पॅरिस येथील ज्या अधिवेशनात रायगड, राजगड, शिवनेरी यांच्यासह मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची नोंद झाली, त्याच अधिवेशनात क्रीटमधील क्नोसोस, फाइस्तोस आदी सहा मिनोअन स्थळांचीही नोंद झाली.

सांतोरिनीला जायचे झाल्यास ते आक्रोतिरीसाठी जावे. इसवी सनापूर्वी सतराव्या-सोळाव्या शतकाच्या सुमारास झालेल्या ज्वालामुखीच्या महास्फोटात हे गाव राखेखाली गाडले गेले. स्पिरिदोन मारिनातोस यांनी १९६७ मध्ये उत्खनन सुरू केल्यावर दुमजली, तिमजली घरे, सांडपाण्याची व्यवस्था आणि साठवणीचे रांजण जागच्या जागी सापडले. माणसांचे सांगाडे मात्र मिळाले नाहीत, त्यावरून लोक आधीच बाहेर पडले असावेत असे मानले जाते. सारे उत्खनन मोठ्या छपराखाली असून पाहण्यासाठी सपाट मार्गिका आहेत, त्यामुळे गुडघ्यांना त्रास होणार नाही. फिराच्या जुन्या बंदरावरून वर येणाऱ्या पायऱ्या मात्र पावणेसहाशेहून अधिक आहेत. क्रूझने आलात तर तेथे केबल कार घ्यावी. गाढवावर बसण्याचा आग्रह होईल, तो नम्रपणे नाकारावा. या जनावरांचे हाल इतके चर्चेत आले की २०१८ मध्ये सरकारला त्यांच्यावरील ओझ्याची मर्यादा ठरवून द्यावी लागली.

दीलोस हे बेटही आपल्याला मोहवील. गेटवेवरून लाँचने घारापुरीला जाऊन संध्याकाळी परतावे, तसे मिकोनोसहून अर्ध्या तासाच्या होडीने तेथे जाऊन यावे लागते, कारण पर्यटकांना तेथे मुक्कामाची परवानगी नाही. अपोलो व आर्तेमिस या ग्रीक देवतांचे हे जन्मस्थान मानले जात असे. इसवी सनापूर्वी ४२६ मध्ये अथेन्सवासीयांनी येथील थडगी हलवून, या पवित्र भूमीवर यापुढे कोणी जन्मू नये आणि मरू नये, असा नियम केला. पुढे रोमन काळात तेच बेट करमुक्त व्यापारपेठ आणि गुलामांचा मोठा बाजार बनले. येथे सावली जवळजवळ नाही आणि वाटा खडबडीत आहेत, म्हणून सकाळची पहिली होडी धरावी, टोपी व पाणी सोबत न्यावे, आणि किन्थोस टेकडीची चढण खुशाल सोडून द्यावी.

ऱ्होड्सचे नाइट्सनी, म्हणजे ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांनी, तटबंदी केलेले मध्ययुगीन शहर पाहण्यासारखे आहे यात शंका नाही. पण तेथील गोट्यांची फरसबंदी आपल्या गुडघ्यांची परीक्षा पाहील.

प्रश्न: माझ्या सासूबाई कट्टर शाकाहारी आहेत. बेटांवर त्यांचे खाण्याचे हाल होतील का? घरून काय न्यावे? (गिरगाव)

उत्तर: हाल होणार नाहीत, मात्र विचारूनच मागवावे. ऑर्थोडॉक्स चर्चच्या उपवासांमुळे ग्रीक स्वयंपाकात मांस, अंडी आणि दूध वर्ज्य असलेल्या पदार्थांची मोठी परंपरा आहे. अशा पदार्थांना ‘नीस्तीसिमो’ म्हणतात. परंतु या उपवासाला शिंपले, माकूळ आणि ऑक्टोपस चालतात, त्यामुळे हा शब्द उच्चारून निर्धास्त होऊ नये. भात भरलेले टोमॅटो व ढोबळी मिरची, म्हणजे ‘गेमिस्ता’, यात कधी कधी खिमाही असतो, तेव्हा मागवण्याआधी खात्री करावी. ‘गीगान्तेस’ हे मोठे पांढरे घेवडे टोमॅटोच्या रसात भाजलेले असतात. ‘ब्रिआम’ ही भाजलेली मिश्र भाजी आहे, आणि क्रीटचा ‘दाकोस’ म्हणजे जवाच्या कडक पावावर टोमॅटो व मऊ चीज. सांतोरिनीची ‘फावा’ सासूबाईंना नक्की आवडेल. विदर्भातील लाखेच्या डाळीच्याच कुळातील एका पिवळ्या कडधान्याची डाळ शिजवून, घोटून, वर ऑलिव्ह तेल व कांदा घालून ती वाढतात. पारंपरिक चीजमध्ये प्राणिजन्य रेनेट, म्हणजे दूध फाडण्यासाठी वापरतात तो पदार्थ, असू शकते, याची त्यांना आधीच कल्पना द्यावी.

युरोपीय संघाच्या नियमांनुसार बाहेरच्या देशांतील प्रवाशांना दूध व दुधाचे पदार्थ आत नेता येत नाहीत. तुपाचा डबा आणि पेढे म्हणूनच घरी ठेवावेत. मेतकूट, चटण्या आणि चिवडा न्यावा. छोटे स्वयंपाकघर असलेली खोली घेतली, तर रात्रीच्या मऊभाताची सोय होते.

प्रश्न: मुलांना दिवाळीचीच सुटी असते. तेव्हा गेलो तर चालेल का? (मुलुंड)

उत्तर: दिवाळी ऑक्टोबरच्या मध्याच्या आसपास असेल तर अवश्य जावे, समुद्र तोवर उबदार असतो आणि गर्दी ओसरलेली असते. नोव्हेंबरात आली तर लहान बेटे टाळावीत, कारण तेथील अनेक हॉटेले व खाणावळी बंद होतात, बोटींच्या फेऱ्या कमी होतात आणि पाऊस सुरू होतो. क्रीटमधील सोळा किलोमीटरची समारिया घळही सामान्यतः मे ते ऑक्टोबर एवढेच महिने उघडी असते. नोव्हेंबरात जायचेच असेल तर इराक्लिओ किंवा हान्या यांसारखी बारमाही नांदती शहरे निवडावीत.

सप्टेंबर सर्वांत उत्तम, पण गणपती सोडून जायला आपले वाचक तयार होतील, असे आम्हाला वाटत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून ‘मेल्तेमी’ नावाचा जोराचा वारा वाहतो आणि तो वाढला की बोटी बंदरातच राहतात. त्या महिन्यांत मुंबईच्या परतीच्या विमानाआधीची रात्र अथेन्समध्येच काढावी.

प्रश्न: आम्ही दोघे मित्र बेटांवर स्कूटर भाड्याने घेणार आहोत. आपला वाहन परवाना चालतो का? व्हिसाला किती आधी अर्ज करावा? (बोरिवली)

उत्तर: भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय वाहन परवाना लागतो. तो येथील आरटीओतून निघण्यापूर्वी घ्यावा आणि त्यात दुचाकीची नोंद आहे ना, हे पाहून घ्यावे. ती नसल्यास अपघाताच्या वेळी विमा कंपनी हात वर करते. ग्रीसमध्ये रस्त्याच्या उजव्या बाजूने वाहन चालवतात आणि डोंगरी वळणांवर बारीक खडी असते. सवय नसल्यास छोटी मोटार घ्यावी.

ग्रीससह युरोपातील अनेक देशांसाठी चालणाऱ्या सामायिक शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. उन्हाळ्यापूर्वी मुंबईत भेटीच्या वेळा लवकर भरतात, म्हणून निदान तीन महिने हाताशी ठेवावेत. जून २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे, आणि प्रवास विम्याचे संरक्षण किमान ३०,००० युरोंचे असावे लागते. आपण अन्य शेंगेन देशांतही जाणार असाल, तर ज्या देशात सर्वाधिक दिवस राहाल त्याच देशाकडे अर्ज करावा.