एबीएसचा दिवा नेमका कधी लागतो?

प्रश्न : आमच्याकडे २००७ सालची, डिझेलवर चालणारी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी आहे. मागच्या पावसाळ्यात महिनाभर असे होत होते की, गाडी अगदी हळू थांबवताना शेवटच्या क्षणी ब्रेकचे पॅडल पायाखाली थरथरे आणि खालून खरखर ऐकू येई. त्यानंतर डॅशबोर्डवरचा एबीएसचा (ब्रेक लावताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागू लागला. किल्ली फिरवल्यावर तो नेहमीप्रमाणे लागून विझतो, परंतु आखाड्यावरून (शेतातल्या वस्तीवरून) निघून शंभरेक फूट गेलो की पुन्हा लागतो आणि इंजिन बंद करेपर्यंत विझत नाही. पॅडलची थरथर मात्र तेव्हापासून थांबली आहे. गॅरेजमध्ये आधी चाकाचा वेग मोजणारा पुढचा डावा सेन्सर बदलला, मग उजवा बदलला, तरी फरक नाही. आता एबीएसचा मुख्य संचच बदलावा लागेल असे सांगतात. तो खर्च करावा का? — एक वाचक, गंगाखेड, जि. परभणी

उत्तर : तूर्त करू नये. आपण दिवा लागण्याची वेळ आणि थरथरीचा क्रम इतका नेमका लिहिला आहे की अर्धे निदान पत्रातच झाले आहे, आणि ते मुख्य संचाकडे बोट दाखवत नाही.

किल्ली फिरवताच एबीएसचा नियंत्रक स्वतःची, पंपाची, व्हॉल्व्हची आणि चारही सेन्सरच्या तारांची विद्युत-तपासणी करून घेतो. एखादी तार पूर्ण तुटलेली असेल, फ्यूज उडालेला असेल किंवा रिले गेलेला असेल, तर दिवा बहुधा विझतच नाही. आपला दिवा विझतो, म्हणजे उभ्या गाडीत त्याला खोट सापडत नाही. चाके फिरू लागल्यावर चौघांपैकी एका चाकाचा वेग इतर तिघांशी जुळत नाही, तेव्हा तो हात वर करतो आणि एबीएस बंद ठेवतो. थरथर का थांबली, तेही यातच आले. चाक अडकले असे वाटले की ब्रेकचा दाब सोडायचा आणि पुन्हा द्यायचा, हे एबीएसचे काम आहे. एका चाकाचा संकेत इतरांच्या आधीच मरत असल्यामुळे, ते चाक प्रत्यक्षात फिरत असतानाही अडकले असे नियंत्रकाला वाटत होते आणि तो दाब सोडत होता. आता एबीएसच बंद असल्याने पॅडल शांत आहे.

त्या काळातील पुष्कळ गाड्यांमध्ये चाकाचा सेन्सर म्हणजे लोहचुंबकाभोवती गुंडाळलेले तारेचे वेटोळे असते. त्याच्यासमोर हबवर (चाक ज्यावर बसते त्या भागावर) किंवा अ‍ॅक्सलवर बसवलेले दातेरी कडे फिरते आणि प्रत्येक दात समोरून जाताना वेटोळ्यात थोडा विद्युतदाब उत्पन्न होतो. चाक जितके हळू, तितका हा दाब दुबळा. सेन्सरचे टोक आणि दात यांत साधारण एका मिलिमीटरचे अंतर असते. ते थोडे जरी वाढले तरी वेगात असताना काही जाणवत नाही, पण गाडी थांबण्याच्या बेतात आली की त्या चाकाचा संकेत सर्वांत आधी लुप्त होतो. आपल्या गाडीत नेमके हेच होत असावे.

हे अंतर वाढण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे सेन्सर ज्या खाचेत बसतो तिथला गंज. गंज फुगतो आणि सेन्सरला बाहेर ढकलतो. खाच न घासता त्याच गंजावर नवा सेन्सर बसवला, तर तोही जुन्याइतकाच दूर राहतो. आपले दोन सेन्सर बदलूनही गुण आला नाही, त्याचे हे एक कारण असू शकते. दुसरे कारण आपल्या भागाचे आहे. गोदाकाठची काळी माती पावसाळ्यात दात्यांमधल्या फटींत गच्च बसते आणि उन्हाळ्यात विटेसारखी कडक होते, शिवाय ब्रेक झिजून उडणारा लोखंडाचा कीस चुंबकाच्या टोकाला चिकटून राहतो. तिसरे कारण बेअरिंगचे. ते सैल झाले की हब डगमगतो आणि अंतर प्रत्येक फेऱ्यात कमी-जास्त होते. चौथे कारण म्हणजे तडकलेले कडे. ज्या ठिकाणी चीर असते तिथे दोन दात्यांमधली फट रुंदावते आणि दर फेऱ्याला एक ठोका चुकतो.

परंतु मला सर्वांत खटकले ते हे की, पुढचेच सेन्सर का बदलले याचे उत्तर आपल्या पत्रात नाही. मागच्या चाकांकडे कोणी पाहिलेच नसावे. मोबाइलला जोडण्याचे स्वस्त यंत्र बहुधा फक्त इंजिनच्या बिघाडाचे कोड वाचते, म्हणून एबीएसशी बोलू शकणारा स्कॅनर असलेले गॅरेज शोधावे. काही जुन्या गाड्यांमध्ये निदानाच्या कपलरमधील (स्कॅनर खोचण्याच्या तारांच्या जोडातील) ठरावीक दोन टोके जोडली की एबीएसचा दिवाच लुकलुकून कोडचा आकडा सांगतो, पण ती टोके कोणती हे त्या गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत पाहूनच ठरवावे, अंदाजाने तार खोचू नये. स्कॅनर मिळाला तर कोड पाहून थांबू नये. एकाने मोकळ्या सरळ रस्त्यावर ताशी २० किलोमीटरने गाडी चालवावी, दुसऱ्याने शेजारी बसून चारही चाकांचे वेग पाहावेत आणि मग गाडी हळूहळू थांबवावी. जे चाक सर्वांच्या आधी शून्यावर जाईल, ते आपले दोषी चाक.

स्कॅनर मिळत नसेल तर मल्टिमीटरनेही काम होते, फक्त आधी पुस्तिकेतून सेन्सर वर सांगितलेल्या जुन्या जातीचा असल्याची खात्री करून घ्यावी. नव्या जातीच्या सेन्सरच्या आत इलेक्ट्रॉनिक मंडल असते, त्यालाही दोनच तारा असतात आणि त्याचा रोध (रेझिस्टन्स) मोजून काहीच कळत नाही. जुन्या जातीचा असेल तर किल्ली बंद करून सेन्सरचा कपलर सोडवावा आणि त्याच्या दोन टोकांमधला रोध मोजावा. तो बहुधा ८०० ते २००० ओहमच्या दरम्यान येतो. आकड्यापेक्षा त्याच अ‍ॅक्सलच्या डाव्या-उजव्या सेन्सरची तुलना अधिक बोलकी असते. मीटर लावलेलाच ठेवून तार जागोजागी वाकवावी आणि पुढच्या चाकांसाठी स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे. वरचे आवरण शाबूत असून आतली तार तुटलेली असेल, तर आकडा उड्या मारतो. गाडी कडब्याच्या गंजीशेजारी उभी राहत असेल, तर उंदरांनी कुरतडलेल्या तारा आधी शोधाव्यात.

यानंतर मीटर एसी व्होल्टवर ठेवावा, चाक जॅकने उचलून खाली स्टँड द्यावा आणि सेकंदाला सुमारे एक फेरा या गतीने हाताने फिरवावे. मागचे चाक फिरवण्यासाठी गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक सोडावा लागतो, म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना मागून-पुढून दगड लावल्याशिवाय हे करू नये. ज्या चाकाचा व्होल्टेज जोडीदारापेक्षा स्पष्ट कमी येईल, तिथला सेन्सर काढावा. तो जाम झालेला असणार. तार धरून ओढू नये, गंज सोडवणारे तेल आदल्या रात्री सोडून ठेवावे. खाच पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासावी, कड्याचा प्रत्येक दात ब्रशने साफ करून पूर्ण फेरा डोळ्यांखालून घालावा आणि चाक वर-खाली धरून हलवून बेअरिंगचा खेळ पाहावा. फवारणीच्या एचटीपी पंपाने गाडी धुण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. त्या धारेचे तोंड या कपलरकडे धरले की आत पाणी शिरते आणि टोकांवर हिरवा गंज चढतो, एवढे पुढे लक्षात ठेवावे.

प्रश्न : शेतात जाताना फोर-लो (चारही चाकांना जोर देणारा संथ गिअर) घातला की एबीएसचा दिवा लागतो आणि टू-व्हीलवर आलो की विझतो. हा बिघाड समजावा का? — एक वाचक, अंबाजोगाई, जि. बीड

उत्तर : बहुधा नाही. फोर-लोमध्ये अशा गाड्यांचे पुढचे आणि मागचे शाफ्ट एकमेकांना बांधले जातात, त्यामुळे एका चाकाचा वेग दुसऱ्याला ओढतो आणि चारही चाके एकदम अडकू शकतात. चौघेही अडकले तर खरा वेग कोणाकडे पाहून ठरवायचा, हा नियंत्रकापुढचा पेच असतो. म्हणून काही उत्पादक त्या स्थितीत एबीएस जाणूनबुजून बंद ठेवतात. अनेक फोर-व्हील गाड्यांमध्ये यासाठी गाडीचा मंदावण्याचा वेग मोजणारा जी-सेन्सरही असतो. तो सपाट व घट्ट बसलेला असावा लागतो. सीट किंवा गालिचा बदलताना कोणी तो सोडून तिरका बसवला, तर विनाकारण दिवा लागतो. आपला दिवा टू-व्हीलवर आल्यानंतरही तसाच राहू लागला, तर ट्रान्सफर केसवरचा (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरपेटीवरचा) स्थिती सांगणारा स्विच तपासावा.

एक गोष्ट आपण विचारलेली नाही, तरी सांगतो. चारही टायर एका मापाचे आणि जवळजवळ सारख्या झिजेचे असू द्यावेत. ७०० मिलिमीटर व्यासाच्या नव्या टायरची नक्षी ८ मिलिमीटर आणि जुन्याची २ मिलिमीटर उरली असेल, तर व्यासात १२ मिलिमीटरचा फरक पडतो, म्हणजे किलोमीटरमागे जुने चाक सुमारे आठ फेरे जास्त फिरते. एवढा फरक एबीएस साधारणपणे सोसतो, पण डांबरी रस्त्यावर फोर-व्हील घालून गेल्यास तो ट्रान्सफर केसला सोसावा लागतो. टायरचे मापच वेगळे असेल, तर एबीएसही तक्रार करतो.

प्रश्न : मुरमाच्या रस्त्यावर एबीएसमुळे गाडी लवकर थांबत नाही, म्हणून मेकॅनिकने फ्यूज काढला आणि दिवा दिसू नये म्हणून डॅशबोर्डमधला बल्बही काढला. चालेल का? — एक वाचक, कंधार, जि. नांदेड

उत्तर : मेकॅनिकचे पहिले म्हणणे खरे आहे. सुट्या मुरमावर अडकलेले चाक आपल्यापुढे मुरमाचा ढीग लोटते आणि त्या ढिगानेच गाडी लवकर थांबते. एबीएस चाक अडकू देत नाही, त्यामुळे अंतर वाढते. पण अडकलेल्या पुढच्या चाकांनी गाडी वळवता येत नाही, आणि शेताच्या रस्त्यावर अचानक जनावर आडवे आले की वळवता येणे हेच उपयोगी पडते. फ्यूज काढल्यावर साधा ब्रेक चालतो, मात्र ज्या गाड्यांत पुढच्या-मागच्या ब्रेकचा दाब वाटून देण्याचे काम याच नियंत्रकाकडे असते, तिथे तेही बंद पडते आणि जोरात ब्रेक लावल्यास मागची चाके आधी अडकून गाडी आडवी होऊ शकते. फ्यूज परत बसवावा.

बल्ब काढणे मात्र सर्वस्वी चूक आहे. तो आजच बसवून घ्यावा. एबीएस आणि ब्रेक असे दोन्ही दिवे एकत्र लागले तर गाडी बाजूला घेऊन आधी ब्रेक ऑइलची पातळी पाहायची असते, आणि आपल्याला आज त्यातला एक दिवा दिसणारच नाही. जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनीही किल्ली फिरवल्यावर एबीएसचा दिवा क्षणभर लागतो की नाही हे पाहावे. जो दिवा लागतच नाही, त्यामागे असाच काढलेला बल्ब असू शकतो.