मित्रांचं केळवण, बोलोन्यात

इंग्लंडमधल्या रेडिंगहून एका भावाचं पत्र आलं आहे. त्याच्या मामेभावाचं लग्न डिसेंबरात नाशिकला आहे आणि बॅचलर पार्टीची सगळी जबाबदारी याच्या गळ्यात पडली आहे. तो लिहितो:

"ताई, नवरदेव धरून आम्ही आठ जण. पाच इंग्लंडात, एक ड्युसेलडॉर्फला, एक डब्लिनला आणि एक पुण्यात. ग्रुपवर इटलीतलं बोलोन्या नक्की झालंय, ऑक्टोबरातला शुक्रवार ते रविवार. दोघं शुद्ध शाकाहारी, एक थेंबभरही पीत नाही, एकाची नुकतीच नोकरी गेली आहे. मामी फोनवर म्हणाली, 'हे कसलं नवीन? आपल्याकडे केळवण असतं.' मला मामीलाही दुखवायचं नाही आणि मुलांचाही विरस करायचा नाही. सुरुवात कुठून करू?"

अरे, मामीने तुला नकळत वाट दाखवली आहे. केळवण करणारी बाई आधी काय करते आठव. नवऱ्या मुलाला काय आवडतं ते विचारते, सोबत येणाऱ्यांत कुणाचा उपास आहे, कुणाला तिखट चालत नाही याची चौकशी करते, मग बेत ठरवते. तूही तसंच कर. आठ जणांत ज्याची अडचण सगळ्यात मोठी आहे, त्याच्यापासून आखणी सुरू कर. तो आरामात येऊ शकला तर बाकीचे सात येतीलच.

तर पहिला प्रश्न पासपोर्टचा. तिकिटं काढण्याआधी प्रत्येकाला स्वतंत्र फोन करून पासपोर्ट कुठला आणि राहण्याचा परवाना कुठला, हे विचार. ड्युसेलडॉर्फच्या मित्राकडे जर्मनीचा वैध परवाना असेल तर त्याला इटलीसाठी वेगळा व्हिसा नको. डब्लिनच्या मित्राचं मात्र बघावं लागेल. आयर्लंड युरोपीय संघात असलं तरी शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही, त्यामुळे भारतीय पासपोर्ट असेल तर त्याला शेंगेन व्हिसा लागणारच. इंग्लंडातल्या भारतीय पासपोर्टवाल्यांचंही तेच. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त ६ महिने आधी करता येतो, निदान १५ दिवस आधी तरी करावाच लागतो. शुल्क ९० युरो, आणि सोबत किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा. कागदावर १५ दिवस दिसतात, पण उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळण्यातच आठवडे जातात. ऑक्टोबरात जायचं तर जुलैतच हालचाल करा.

आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते. अर्ज केला की पासपोर्ट तिकडे अडकतो. त्याच दिवसांत कुणाला भारतात जायचं असेल किंवा तो पासपोर्टच नूतनीकरणाला द्यायचा असेल, तर मोठी पंचाईत होते. नवरदेवाला तर लग्नासाठी पासपोर्ट हातात हवाच. ज्यांच्याकडे ब्रिटिश पासपोर्ट आहे त्यांना व्हिसा नको, पण प्रवेशाच्या दिवशी पासपोर्ट काढून १० वर्षं पूर्ण झालेली नसावीत आणि परतीनंतर निदान ३ महिने तो चालू असावा. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याला रांगेत वेळ लागतो, म्हणून शुक्रवारी संध्याकाळचं टेबल विमान उतरल्या उतरल्या लगेचचं ठेवू नका.

हे इतकं कळवळून सांगते त्याला कारण आहे. माझ्या धाकट्या दिराच्या वेळी मुलांनी स्वस्त तिकिटं दिसली म्हणून रातोरात काढली. व्हिसाचं मागून बघू म्हणाले. एकाला अपॉइंटमेंट मिळालीच नाही. तो दिराचा शाळेपासूनचा मित्र होता. शनिवारी रात्री सगळ्यांनी त्याला व्हिडिओ कॉल लावला. तो बर्मिंगहॅमच्या खोलीत एकटा बसलेला, हसत होता, हात हलवत होता. फोन ठेवल्यावर दीर बराच वेळ बाहेर जाऊन उभा राहिला. आज इतकी वर्षं झाली, त्या सहलीचे फोटो निघाले की दोघंही विषय बदलतात.

पुण्याच्या मित्राला तीन दिवसांसाठी एवढा खर्च करायचा आग्रह करू नकोस, पण त्याच्या वतीने 'त्याला नाही जमणार' असंही ठरवू नकोस. त्याला विचार. नाही म्हणाला तर लग्नाच्या आदल्या आठवड्यात नाशिकला एक संध्याकाळ खास त्याच्यासोबतची ठेवा.

पैशांचं बोलणं ग्रुपवर कधीच काढू नये. ज्याची नोकरी गेली आहे तो ग्रुपवर सगळ्यांच्या आधी होकाराचा अंगठा टाकेल आणि मग महिनाभर झोपणार नाही. प्रत्येकाला खाजगीत विचार, "तुला सगळं मिळून किती झेपेल?" जो सगळ्यात कमी आकडा येईल, त्यात सहल बसव आणि तो आकडा कुणाचा हे कुणालाच सांगू नकोस. इंग्लंडात नवरदेवाचा खर्च मित्रांनी वाटून घ्यायची पद्धत आहे. ती पाळणार असाल तर तो वाटाही याच हिशेबात धर. शिवाय बोलोन्यात मुक्कामावर दरडोई, दर रात्रीचा पर्यटन कर असतो, आणि खानावळीच्या बिलात 'कोपेर्तो' म्हणून माणशी ठरावीक रक्कम लागते. ती फसवणूक नव्हे, मेनूवर छापलेली असते. तारखा नक्की करताना शहरातल्या व्यापारी प्रदर्शनांचं वेळापत्रक आधी बघ. सप्टेंबरअखेरीस फरशी-टाइल्सचं मोठं प्रदर्शन भरतं, तेव्हा हॉटेलांचे भाव कडाडतात.

आता गाव. मुलांनी रोम-व्हेनिस सोडून बोलोन्या निवडलं, याचं मला मनापासून बरं वाटलं. गर्दीत रेटारेटी करत फिरावं लागत नाही, पायी फिरण्याजोगं गाव आहे, आणि १०८८ पासूनचं विद्यापीठ असल्यामुळे तरुण मुलांची वर्दळ बारा महिने. विमानतळापासून मुख्य रेल्वे स्थानकापर्यंत मोनोरेल साधारण ७ मिनिटांत पोचवते. अधूनमधून ती दुरुस्तीसाठी बंद असते, तेव्हा आदल्या दिवशी खात्री करून घ्या. गावभर कमानींचे झाकलेले पदपथ आहेत, सगळे मिळून ६२ किलोमीटर भरतात. २०२१ मध्ये त्यांना युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळालं. ऑक्टोबरात पाऊस आला तरी छत्री न उघडता अर्धं गाव हिंडता येतं. आझिनेल्ली मनोऱ्याच्या ४९८ पायऱ्या चढायचा बेत कुणी केला असेल तर तो मोडा. शेजारचा कललेला गारिझेंदा मनोरा धोक्यात आल्यामुळे ऑक्टोबर २०२३ पासून हाही बंद आहे.

भाड्याची गाडी घेऊच नका. जुन्या गावात दिवसभर खाजगी गाड्यांना बंदी असते आणि कॅमेरे पाटी टिपतात. दंडाची नोटीस परदेशी पत्त्यावर वर्षभराच्या आत कधीही येऊ शकते. आमच्या घरी पाच महिन्यांनी इटालियनमधलं पाकीट आलं, त्याच चौकातून तीनदा गेल्याचे तीन वेगळे दंड. शनिवार-रविवारी तर रिझ्झोली, ऊगो बास्सी आणि इन्दिपेन्देन्झा हे मधले मोठे रस्ते फक्त चालणाऱ्यांसाठी असतात. मोटारींचं वेड असलेली मुलं असतील तर डुकाटीचं संग्रहालय शहराच्या पश्चिम टोकालाच आहे, आणि फेरारीच्या मारानेल्लोला रेल्वेने मोदेनापर्यंत जाऊन पुढे बसने पोचता येतं. तिकडे भाड्याने स्पोर्ट्स कार चालवायला मिळते. तो बेत सकाळचाच ठेवा आणि आदल्या रात्री चालवणाऱ्यांनी ग्लासाला हात लावू नये. इटलीत मद्य पिऊन गाडी चालवण्याची मर्यादा रक्तात लिटरमागे ०.५ ग्रॅम आहे, आणि ज्याचं लायसन्स ३ वर्षांपेक्षा नवं त्याला शून्य.

जेवणाचं मात्र जरा सविस्तर सांगते, कारण तुझ्या दोन शाकाहारी मित्रांची खरी परीक्षा तिथे आहे. बोलोन्या खाण्यासाठी प्रसिद्ध आणि ते खाणं मुख्यतः मांसाचं. ज्या रागू सॉससाठी लोक येतात त्यात गाय आणि डुक्कर दोन्ही असतात, त्यामुळे मांसाहारी असूनही बीफ न खाणाऱ्यांनी सावध राहावं. मेनूवर 'मान्झो' म्हणजे बीफ, 'वितेल्लो' म्हणजे वासरू, 'माइआले' म्हणजे डुक्कर. तोर्तेल्लिनी दिसायला आपल्या छोट्या करंजीसारखी गोड, पण आत डुकराचं मांस, आणि ती मांसाच्या रश्श्यात शिजते. शाकाहाऱ्यांनी मागायची ती तोर्तेल्लोनी, आकाराने मोठी, आत रिकोत्ता चीज, वर लोणी आणि सेजची पानं. एका अक्षराचा फरक आहे, म्हणून ऑर्डर देताना मेनूवर बोट ठेवा. क्रेशेन्तीने नावाच्या तळलेल्या पुऱ्यांत आणि पियादीनाच्या पोळीत बऱ्याचदा डुकराची चरबी असते. "सेन्त्सा स्त्रुत्तो?" एवढं विचारलं की कळतं. पार्मिजानो चीज वासराच्या पोटातल्या रेनेट नावाच्या रसाने घट्ट केलेलं असतं. ज्यांना ते चालत नाही त्यांनी ते नको म्हणून आधीच सांगावं. आठ जणांचं टेबल आठवडाभर आधी राखून ठेवा आणि तेव्हाच शाकाहारी दोघं आहेत असं लिहून कळवा. दुपारी अडीचनंतर स्वयंपाकघरं बंद होतात ती साडेसातच्या आसपास उघडतात, हे लक्षात ठेवा, नाहीतर आठ भुकेली मुलं रस्त्यावर भांडतील.

माझं ऐकशील तर शनिवारची सकाळ पास्ता लाटायला शिकण्यात घालवा. तिथे पास्ता लाटणाऱ्या बाईला 'स्फोलीना' म्हणतात. १०० ग्रॅम पिठाला एक अंडं. मित्रांपैकी कुणी अंडं खात नसेल तर नुसत्या पाण्यात भिजवलेल्या पिठाची सोय होते का, ते नोंदणी करतानाच विचार. बाईच्या हातात हातभर लांबीचं लाटणं असतं. ती पोळी लाटण्याभोवती गुंडाळते, दोन्ही तळहात मधून कडेकडे सरकवत पुढे ढकलते, उलगडते, पाव वळसा फिरवते, पुन्हा गुंडाळते. पोळीची एक कड फळीवरून खाली लोंबत ठेवते, तिच्याच वजनाने ती ताणली जाते. शेवटी दोन्ही हातांनी उजेडात धरते. पोळीतून टेकडीवरचं सान लुकाचं देऊळ दिसलं पाहिजे, असं तिथे म्हणतात. लहानपणी आजी पुरणपोळी लाटताना तिच्या समोर बसलेल्या मुलाला हे बघताना काय वाटेल, ते मी सांगायला नको. न पिणारा, शाकाहारी, कमी पैसेवाला, सगळे त्या फळीशी एका रांगेत उभे असतात.

रात्रीसाठी प्रातेल्लोचा रस्ता आहे. शिवाय १४६५ पासूनची ओस्तेरिया देल सोले म्हणून जागा आहे, तिथे फक्त पेय मिळतं आणि खायचं आपण बाजारातून घेऊन जायचं. तुझ्या शाकाहाऱ्यांना याहून सोयीचं काही नाही. बाजूच्या क्वाद्रिलातेरो बाजारातून पाव, चीज, ऑलिव्ह, फळं घ्या. न पिणाऱ्याला "आज तरी घे" असं एकदाही कुणी म्हणणार नाही, याची जबाबदारी तू घे. तिकडे लोक खात खात, गप्पा मारत पितात, रस्त्यावर आरडाओरडा करणाऱ्या घोळक्याकडे बरं बघत नाहीत. घर भाड्याने घेतलंत तर जुन्या इमारतीत वर-खाली माणसं राहतात, याचं भान ठेवा. आणि नवरदेवाला आधीच एकांतात विचार, "तुला काय नको आहे?" त्याचं उत्तर तुझ्यापाशी ठेव आणि मुलांनी कितीही गळ घातली तरी त्यापलीकडे जाऊ देऊ नकोस. फोटोंचंही तिथेच ठरवा. नवरदेवाने हो म्हटल्याशिवाय एकही फोटो कुठल्याच ग्रुपवर नाही. साताऱ्याच्या काकूंच्या मोबाईलवर फोटो पोचायला दहा मिनिटं लागतात आणि त्याचा ताप नव्या नवरीला होतो.

रविवारी सकाळी जमलं तर सान लुका चढा. गावातून टेकडीवर जाणारी ही कमानींची वाट ३.८ किलोमीटर आहे, ६६६ कमानी. १६७४ मध्ये ती बांधायला घेतली, कारण देवळातली मेरीमातेची प्रतिमा दरवर्षी मिरवणुकीने गावात आणतात आणि ती पावसात भिजू नये. आपल्या पालखीसारखंच. चढ मेलोन्चेल्लो कमानीनंतर चांगलाच दमवतो, पण तिथे मुलं आपोआप दोन-दोन करून चालायला लागतात. लग्नाआधी मित्राशी जे बोलायचं राहिलेलं असतं, ते अशा वाटेवरच बोललं जातं.

मामीला आजच फोन कर. तिला सांग की मित्रांचं केळवण आहे आणि नवरदेव तिथे स्वतः लाटायला शिकणार आहे. त्याला काय आवडतं, काय सोसत नाही, ते तिच्याकडूनच लिहून घे. मग ड्युसेलडॉर्फ आणि डब्लिनला फोन लाव, पासपोर्टच्या तारखा विचार.