दोन वर्षं तुमची संपतायत, कंपनीची नाही

सिडकोतल्या एका वाचकांचं पत्र आलंय. घरच्या मीटरचा डिस्प्ले 14 महिने कोरा होता आणि बिल सरासरीने येत होतं. पुढे मीटर बदललं आणि त्या 14 महिन्यांच्या फरकाचं 38,640 रुपयांचं बिल हातात पडलं. या गोष्टीला आता एक वर्ष आठ महिने झाले. फरकाची रक्कम सोडून ते चालू बिल नियमित भरतात. गेल्या आठवड्यात वीज तोडण्याची नोटीस आली. ते विचारतात, ‘‘दोन वर्षांत वसूल झाली नाही तर थकबाकी बुडते म्हणे. चारच महिने राहिलेत. तेवढे काढता येतील का?’’

नाही येणार. आणि कृपा करून तसा प्रयत्नही करू नका.

हाच प्रश्न मला वेगवेगळ्या आकड्यांनिशी सतत विचारला जातो. विद्युत अधिनियम 2003 मधल्या कलम 56(2) चा अर्धाच भाग लोकांच्या कानावर आलेला असतो. दोन वर्षांनंतर थकबाकी मागता येत नाही हे त्यात आहे, पण ती बिलात सलग थकबाकी म्हणून दाखवलेली नसेल तरच. तुम्ही पाठवलेल्या बिलांच्या फोटोंत प्रत्येक महिन्याला ‘मागील थकबाकी’च्या रकान्यात ती रक्कम आहे. म्हणजे तुमच्यापुरता विषय तिथेच संपला. शिवाय रक्कम देय कधी होते? सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2020 मध्ये रहमतुल्ला खान यांच्या प्रकरणात सांगितलंय की बिल काढल्यावर. वीज वापरली तेव्हापासून दोन वर्षं मोजण्याची वाटही त्यामुळे बंद झाली.

दोन वर्षांची एक मुदत मात्र खरोखर संपत चाललीय आणि ती तुमची आहे. वीज कंपनीविरुद्धची गाऱ्हाणी ऐकणाऱ्या ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. राज्य वीज नियामक आयोगाच्या 2020 च्या विनियमांतच तसं आहे. तुमचं कारण घडलं फरकाचं बिल आलं त्या दिवशी. चार महिने ‘काढलेत’ तर थकबाकी जागच्या जागी राहील आणि दाद मागण्याचा हक्क जाईल.

एक वर्ष आठ महिन्यांत तुम्ही कार्यालयात पाच वेळा गेलात असं लिहिलंय. ‘साहेब रजेवर आहेत’, ‘सिस्टिममध्ये टाकलंय’, ‘पुढच्या बिलात दुरुस्त होईल’ ही उत्तरं मिळाली. पाच चकरांत एकदाही कागद दिला नाहीत, आवक शिक्क्याची एकही प्रत तुमच्याकडे नाही. याचा मला मनापासून राग येतो, कारण बाजू तुमची भक्कम आहे.

आता सगळं ज्यावर अडलंय ते कलम 56(1) आणि त्याचं परंतुक, म्हणजे त्याला जोडलेली अपवादाची तरतूद. वीज तोडण्याआधी लेखी नोटीस आणि पुढचे पूर्ण 15 दिवस द्यावे लागतात. त्यातले तुमचे नऊ उरलेत. या दिवसांत तुम्ही हरकत राखून ठरावीक रक्कम भरलीत, तर वाद मिटेपर्यंत त्या रकमेसाठी वीज तोडता येत नाही. किती भरायची? मागितलेली पूर्ण रक्कम, किंवा मागच्या सहा महिन्यांत भरलेल्या वीज आकाराच्या सरासरीने होणारी रक्कम, यांतली जी कमी ती. तुमची सहा बिलं 1,180, 1,240, 1,410, 1,660, 1,590 आणि 1,320 रुपयांची आहेत. सरासरी 1,400. वादातले 14 महिने धरले तर 19,600 रुपये. त्या महिन्यांत तुम्ही भरलेलं सरासरी बिल यातून वजा व्हावं असं माझं मत आहे. उपविभागातले अभियंता ते ऐकतीलच असं नाही. ऐकलं नाही तर नऊ दिवस त्या वादात घालवू नका, 19,600 भरा आणि वजावटीचा मुद्दा मंचापुढे मांडा.

पैसे ॲपवरून भरू नका. तिथे हरकत नोंदवायला जागा नसते आणि नंतर ‘ग्राहकाने बिल मान्य करून भरलं’ असं लिहून येतं. आधी अर्ज द्या: ‘‘सदर फरकाचे बिल मला मान्य नाही. कलम 56(1) च्या परंतुकानुसार ही रक्कम हरकत राखून, अंडर प्रोटेस्ट भरत आहे.’’ ग्राहक क्रमांक, बिलाची तारीख आणि रक्कम लिहा. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह आवक शिक्का घ्या. मग चेकने भरा आणि पावतीची झेरॉक्स त्याच प्रतीला टाचा. नोटीस व्हॉट्सॲपवर आली म्हणून ती नोटीसच नव्हे, या भरवशावरही राहू नका.

मूळ वादाबद्दल थोडं सावधपणे बोलतो. बंद पडलेल्या मीटरसाठी 2021 च्या वीज पुरवठा संहितेत साधारणपणे जास्तीत जास्त तीन महिन्यांचीच आकारणी करता येते. तुमच्या बिलांत 14 महिने ‘चालू रीडिंग’खाली ‘फॉल्टी’ छापलंय, म्हणजे मीटर बंद आहे हे कंपनीला पहिल्या महिन्यापासून ठाऊक होतं. यापेक्षा चांगला पुरावा मी काय मागणार? तरी मीटर तपासणीचा अहवाल पाहिल्याशिवाय निकालाची खात्री देणार नाही. नोटिशीत कुठे कलम 126, म्हणजे विजेच्या अनधिकृत वापराचं कलम, लिहिलेलं नाही ना, तेही नीट बघा. असेल तर मंच ते प्रकरण ऐकतच नाही. मग त्या कलमाखालच्या अंतिम आदेशापासून 30 दिवसांत अपील करावं लागतं, तेही निम्मी रक्कम भरून.

जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ का, असंही विचारलंत. कायद्यात तीन महिन्यांत निकालाची अपेक्षा लिहिलीय. प्रत्यक्षात तारखा पडत राहतात, हे मी रोज बघतो. आधी मंचाकडेच जा. तिथे वकील लागत नाही, वीज तोडण्याचा धोका असेल तर अंतरिम आदेश मागता येतो आणि निकाल पटला नाही तर 60 दिवसांत विद्युत लोकपालांकडे जाता येतं.

हरकतीच्या अर्जातच मीटर बदली अहवाल आणि तपासणी अहवालाची प्रत मागा. मंचाची तक्रार याच महिन्यात दाखल करा. ती दोन अहवालांसाठी थांबवू नका, ते नंतरही जोडता येतात.